कोरा स्वेटशर्ट आणि ऋतूंचं भरतकाम: होजिअरीवर टाका बसवायचा कसा?

दोरासुई (धागाकर्ती)

कोऱ्या स्वेटशर्टवर ऋतूप्रमाणे भरतकाम करून तो मिरवण्याजोगा करायचा, हा इथल्या बऱ्याच जणींचा आणि दोघा-तिघा जणांचाही आवडता उद्योग झालाय. पण शंका दहा ठिकाणी विखुरल्यात आणि त्यांची उत्तरं वीस ठिकाणी. म्हणून हा एक धागा.

आधी माझं मत मांडते, मग खुशाल भांडा. स्वेटशर्टवरचं काम बिघडतं ते नक्षीमुळे नाही, कापडामुळे. आपला हात बसलेला असतो रुमालावर, उशीच्या अभ्र्यावर. ते मागावरचं कापड. उभे-आडवे धागे एकमेकांत घट्ट अडकलेले, रिंगमध्ये, म्हणजे भरतकामाच्या गोल चौकटीत, ताणलं तरी जागचं हलत नाही. स्वेटशर्ट म्हणजे होजिअरी, एकात एक अडकवलेले नुसते फास. ओढलं की पसरतं, सोडलं की आवळतं. टाका घालताना कापड ज्या मापाला असेल त्याच मापाला तो ते बांधून ठेवतो. म्हणजे रिंगमध्ये ताणून बसवलं, छान पान भरलं आणि रिंग सोडली, की कापड येतं मूळ मापावर आणि पान राहतं ताणलेल्या मापाचं. मग पानाभोवती चुण्या पडतात, आणि त्या कितीही इस्त्री केली तरी जात नाहीत.

म्हणून काम हातात घेण्याआधी स्वेटशर्टच्या आत हात घालून बघा. आतून बारीक फास लागले तर ते फ्रेंच टेरी. मऊ लव लागली तर फ्लीस. टेरीवर टाका स्वच्छ उठतो, फ्लीस जाड आणि फुगीर असल्यामुळे तिच्यात बारीक टाका बुडतो. आतली पट्टीही वाचा. शंभर टक्के सुती असेल तर पहिल्या एक-दोन धुण्यांत आटतं, तेव्हा आधी धुऊन, वाळवून मगच सुई लावायची. पॉलिस्टर मिसळलेलं असेल तर आटण्याची भीती कमी, पण कडक इस्त्रीची भीती जास्त.

बाकी प्रतिसादांत बोलू. फोटो टाकाल तर उलट्या बाजूचाही टाका. सुलट बाजू सगळ्यांचीच छान दिसते.

मोरपिसारा

मस्त धागा! उलट्या बाजूचा फोटो मात्र मिळणार नाही. :)

मागून बुकरम लावायचं असतं ना? मी शर्टाच्या कॉलरचं कडक बुकरम लावलं तर छातीवर पुठ्ठा बांधल्यासारखं वाटतंय.

दोरासुई

कॉलरचं नको. भरतकामासाठी मागून लावायचे आधार वेगळे मिळतात आणि त्यांचे ढोबळ तीन प्रकार. काम झाल्यावर फाडून काढायचा, कात्रीने कडेने कापायचा आणि पाण्यात विरघळणारा. रुमालाला फाडायचा चालतो. होजिअरीला कापायचाच घ्या, म्हणजे कट-अवे. कारण असं की आधाराची गरज भरून झाल्यावर संपत नाही. कपडा अंगावर ताणला जाणार, धुतला जाणार, पिळला जाणार. फाडायचा आधार काढून टाकला की टाक्यांना धरायला मागे काही उरत नाही. कापायचा आधार नक्षीच्या बाहेर बोटभर ठेवून गोलाकार कापायचा. कोपरे ठेवले तर ते अंगाला टोचतात आणि बाहेरून उमटतातही.

मिळालाच नाही, तर मऊ, थोडं ताणलं जाणारं पेस्टिंग आतून हलक्या इस्त्रीने चिकटवा. हाताच्या छोट्या नक्षीला तेवढं पुरतं.

यंत्रमाग

मशीनवाल्यांसाठी थोडी भर. घरगुती एम्ब्रॉयडरी मशीनवर स्वेटशर्ट रिंगमध्ये अडकवूच नका. रिंगमध्ये फक्त आधाराचं कापड घट्ट बसवा, त्यावर स्वेटशर्ट नुसता अंथरा आणि भोवती कच्ची टीप घाला. कापड ताणलंच जात नाही, रिंगचा वळही उठत नाही. सुई बॉलपॉइंट, ७५/११. तिचं टोक गोलसर असतं, ते फास न तोडता फासांमधून वाट काढतं. टोकदार सुईने तुटलेला फास त्या दिवशी दिसत नाही, दोन-चार धुण्यांनी त्याचं भोक होतं.

फ्लीस असेल तर वरूनही पाण्यात विरघळणारी पारदर्शक फिल्म ठेवा, नाहीतर टाके लवेत गडप होतात. आणि तयार डिझाइन जसंच्या तसं चालवू नका. टाक्यांची दाटी थोडी कमी करा. छातीवर भरगच्च भरलेला मोठा चौकोन म्हणजे चिलखत होतं, अंगाबरोबर वळतच नाही.

उसवणी

हाताने करणाऱ्यांना सुईचा नंबर नेहमी गोंधळात टाकतो. मशीनच्या सुईचा नंबर वाढला की सुई जाड होते, हाताच्या सुईचा नंबर वाढला की बारीक. स्वेटशर्टला भरतकामाची पाच ते सात नंबरची सुई घ्या. नेढं लांबट असतं, त्यामुळे तीन-चार पदर सहज ओवले जातात.

पदरांचं म्हणाल तर रुमालावर दोन पदर पुरतात, इथे तीन तरी हवेतच. जाड फ्लीसवर चार. लडी सहा पदरांची आणि साधारण आठ मीटरची असते, म्हणजे तीन पदरांनी भरलं तर एका लडीत सोळा मीटर काम. पदर एकेक करून सुटे ओढून काढायचे आणि मग पुन्हा एकत्र जुळवायचे. नुसते तीन पदर एकदम ओढले तर पीळ तसाच राहतो आणि टाका फुगत नाही. दोरा हातभरच घ्या. लांब घेतला की लवेला घासून घासून त्याची चमक जाते.

माझी मात्र एक तक्रार आहे, सगळे आधारावर बोलतायत, टाक्याच्या निवडीवर कोणी बोलत नाही. होजिअरीवर कोणता टाका टिकतो? जो स्वतः थोडा ताणला जातो तो. साखळी टाका, मच्छी टाका, फेदर. उलटी टीप घट्ट घातली तर डोक्यातून कपडा काढताना कट्ट आवाज होतो आणि दोरा तुटलेला सापडतो. गळ्याजवळच्या कामात हे हमखास. नाव लिहायचं असेल, वेलीची दांडी असेल, तर सरळ साखळी टाकाच.

मोरपिसारा

आणि सॅटिन, म्हणजे शेजारी-शेजारी घातलेले सपाट टाके? पाकळ्या तर सगळ्या सॅटिननेच भरते मी.

उसवणी

भरा, पण टाका एक सेंटिमीटरच्या आत ठेवा. त्याहून लांब टाका बांगडीत, बॅगेच्या चेनमध्ये अडकतोच. पाकळी रुंद असेल तर मधून दुभागून दोन ओळींत भरा, किंवा लांब-आखूड टाका घ्या. आणि बाहीच्या टोकाच्या, कमरेच्या रिबवर, म्हणजे उभ्या रेघांच्या ताणणाऱ्या पट्टीवर, काहीही भरू नका. रिबचं कामच ताणलं जाण्याचं आहे, तिथे कुठलाच टाका टिकत नाही.

खडूपेटी

गडद निळ्या फ्लीसवर नक्षी उतरवायची कशी? कार्बन उमटत नाही, पेन्सिल दिसत नाही, खडू दोन टाक्यांत झटकला जातो.

दोरासुई

लवेवर रेघ ओढायच्या भानगडीतच पडू नकोस. पाण्यात विरघळणारं, चिकट पाठीचं कापड मिळतं. त्यावर नक्षी काढायची, स्वेटशर्टवर चिकटवायचं, त्याच्यासकट भरायचं आणि शेवटी कोमट पाण्यात बुडवून ठेवायचं. तेही नसेल तर पातळ ट्रेसिंग कागदावर काढून कच्च्या धावदोऱ्याने बाह्यरेषा घाल आणि कागद फाडून टाक.

फिकट रंगावर पाण्याने जाणारं निळं पेन उत्तम. मात्र खुणा धुऊन जाईपर्यंत इस्त्री फिरवायची नाही, उष्णतेने तो निळा पक्का बसतो.

खडूपेटी

आणि इस्त्रीने गायब होणारी ती पेनं? माझ्या मैत्रिणी त्यांच्यावर फिदा आहेत.

यंत्रमाग

फ्रिक्शन म्हणतेस ना? ती शाई साधारण ६० अंशांना अदृश्य होते, नष्ट होत नाही. कडक थंडीत, शून्याच्या बऱ्याच खाली पारा गेला की ती परत दिसू लागते. म्हणजे बर्फात घालायला म्हणून स्वेटशर्ट भरायचा आणि बर्फात गेल्यावर पेनाच्या रेघा उगवायच्या! शिवाय गडद कापडावर तिचा पांढुरका डाग राहतो. रेघ टाक्याखाली पूर्ण झाकली जाणार असेल तरच वापर.

पानगळ

नक्षीबद्दल बोलू का आता? माझा आवडता ऋतू आयडीवरून कळलाच असेल.

पिकलेलं पान भरताना बहुतेक जण नारिंगी, लाल, पिवळा असे तीन पट्टे मारून मोकळे होतात. ते पान वाटत नाही, झेंडा वाटतो. खरं पान हातात घेऊन बघा. पुष्कळ पानांत शिरेलगतचा हिरवा सगळ्यांत शेवटी जातो. कड आधी तपकिरी होते, मधला भाग पिवळा आणि शिरेच्या कडेला अजून हिरवट ओल. हे साधायचं तर रंगांच्या वेगळ्या पट्ट्या नकोत, सुईतच रंग मिसळा. तीन पदरांपैकी दोन पिवळे, एक तपकिरी. पुढच्या सुईला एक पिवळा, दोन तपकिरी. शिरेजवळ एक पदर हिरवा. लांबून बघितलं की रंग आपोआप एकमेकांत उतरतात.

टाका फिशबोन. पानाच्या टोकाशी शिरेवर एक छोटा सरळ टाका. मग डाव्या कडेवर सुई वर काढायची आणि शिरेच्या जराशी उजवीकडे खाली न्यायची. पुढची उजव्या कडेवरून वर, शिरेच्या जराशी डावीकडे खाली. शिरेवर टाके एकमेकांना ओलांडतात, म्हणून शीर वेगळी भरायला लागत नाही. आता होजिअरीचं पथ्य. प्रत्येक टाका ओढताना डाव्या हाताचं बोट कापडाखाली ठेवा. बोटाला कापड गोळा होताना जाणवलं की तिथेच थांबा आणि दोरा केसभर सैल सोडा. डोळ्यांना चुणी दिसते तेव्हा उशीर झालेला असतो, बोटाला आधी कळतं.

आणि पानं छातीच्या मधोमध गुच्छात नकोत. एका खांद्यावरून तिरकी खाली येताना विखुरलेली, वर दाट, खाली विरळ, शेवटचं एखादं बाहीवर. पान गळतं तसंच दिसू द्या की!

टाकाऊटिकाऊ

सुंदर! पण मला एक प्रश्न कायम छळतो. पानगळीचा स्वेटशर्ट वर्षातले काही आठवडे घालणार, बर्फाचा आणखी काही आठवडे. एवढी मेहनत आणि कपडा बाकी वर्ष कपाटात. म्हणून मी फक्त फांदी पक्की भरते. निष्पर्ण, तपकिरी, साखळी टाक्याने. तिच्या गाठींवर बारीक टिचबटणं. मग फेल्टवर वेगळी भरलेली पानं, फुलं, बर्फाच्या चांदण्या ऋतूप्रमाणे लावायच्या. फेल्टची कड उसवत नाही, त्यामुळे काजटाका घातला तर शोभेसाठी, नाही घातला तरी चालतं. एकच स्वेटशर्ट चारही ऋतू चालतो आणि धुताना सगळं काढून ठेवता येतं. लोकरीचं फेल्ट धुण्यात आटतं, म्हणून हे काढणं सोयीचंच.

उसवणी

कल्पना गोड आहे, पण मला पटत नाही. टिचबटण उघडताना आपण ते ओढतो, आणि ती सगळी ओढ होजिअरीच्या एका टिंबावर येते. काही महिन्यांत बटणाभोवती कापड लोंबायला लागणार. शिवाय पान लावलेलं नसेल तेव्हा फांदीवर नुसती चकाकणारी बटणं, डास बसल्यासारखी.

टाकाऊटिकाऊ

बटणामागे आतून आधाराच्या कापडाचा बोटभर गोल ठेवून दोन्ही थरांतून शिवायचं, मग ओढ एका टिंबावर येत नाही. आणि बटणं काळी मिळतात, तपकिरी फांदीवर दिसत नाहीत. पानाच्या जागी कळी म्हणूनही खपतात.

उसवणी

आधाराचा मुद्दा मान्य. कळी मान्य नाही. :) तरी मी पक्कंच भरणार. फेल्टचं पान कपड्यावर बसलेलं दिसतं, टाक्याचं पान कपड्यात उगवलेलं दिसतं. तो फरक मला सोडवत नाही.

दोरासुई

यात माझा कौल मधला. मोठ्यांच्या कपड्यावर पक्कं, वाढत्या मुलांच्या कपड्यावर सुटं, कारण मूल स्वेटशर्टबाहेर वाढतं आणि पानं पुढच्या स्वेटशर्टवर जातात. फक्त तीन वर्षांखालच्या मुलांना बटण, मणी, टिकली काहीही नको. सुटलं की सरळ तोंडात जातं. त्यांच्यासाठी सगळं दोऱ्याचंच ठेवा, आणि आतून टाक्यांवर मऊ, पातळ पेस्टिंग चिकटवून झाकून टाका, नाहीतर गाठी टोचतात आणि मूल स्वेटशर्ट घालायलाच तयार होत नाही.

मोरपिसारा

बर्फाची चांदणी सोपी असेल म्हणून घेतली, तर ती चक्क कोळ्याचं जाळं दिसतेय.

पानगळ

टोकं किती काढलीस? बहुतेक जण आठ काढतात, कारण कागद अर्धा-अर्धा दुमडत गेलं की आठच येतात. बर्फाचा स्फटिक सहा हातांचा असतो. कंपासने वर्तुळ काढ आणि कंपास तेवढाच उघडा ठेवून परिघावर खुणा करत जा, बरोबर सहा बसतात. नमुना हवा असेल तर अमेरिकेतल्या व्हरमाँटचा शेतकरी विल्सन बेंटली याने काढलेले फोटो बघ. त्याने १८८५ साली सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून एका स्फटिकाचा पहिला फोटो घेतला आणि पुढे आयुष्यभरात पाच हजारांहून जास्त घेतले. ते नमुने इतके भौमितिक आहेत की सरळ टाक्यांतच बसतात. मुख्य सहा दांड्या आधी, मग प्रत्येक दांडीवर छोटे तिरके टाके, टोकाला फ्रेंच नॉट, म्हणजे सुईला दोरा गुंडाळून घातलेली गाठ. फ्लीस असेल तर नॉटला दोरा दोनदा गुंडाळ आणि ज्या भोकातून सुई वर आली त्याच भोकात परत घालू नकोस, शेजारी घाल. नाहीतर नॉट आत घुसते आणि शोधत बसावं लागतं.

भरदुपार

एक अज्ञानी प्रश्न. चार ऋतू चार ऋतू चाललंय, उन्हाळ्यात स्वेटशर्ट घालतं कोण?

टाकाऊटिकाऊ

बाह्या कापा! फ्रेंच टेरीचा जुना स्वेटशर्ट असेल तर बाह्या मुंढ्यापासून काढून बंडी होते. कापलेली कड तशीच ठेवली तर बाहेर गुंडाळली जाते, तो लूक आवडत असेल तर ठेवा, नाहीतर दुमडून टीप. कापलेल्या बाह्यांचं कापड पुढच्या प्रयोगाला. समोर सूर्यफूल, मधला गोल सगळा फ्रेंच नॉटचा. हात दुखतो, पण दिसतं झकास.

भरदुपार

बाह्यांचं पटलं. मग पुढून उघडा करून जॅकेटही होईल का? डोक्यातून घालायला आईला त्रास होतो.

यंत्रमाग

होईल. कात्री शेवटी. आधी दोन्ही खांद्यांच्या शिवणी एकमेकींवर ठेवून मधली रेघ काढा. छापील पट्टी किंवा पुढचा खिसा बघून मध्य ठरवू नका, ते बऱ्याचदा सरकलेले असतात. आतून मधल्या रेघेवर चार-पाच सेंटिमीटर रुंद पेस्टिंगची पट्टी चिकटवा. मग रेघेच्या दोन्ही बाजूंना अर्धा सेंटिमीटरवर एकेक टीप. आणि मग दोन टिपांच्या मधून कापा. टीप न घालता कापलं की कड लगेच लाटेसारखी पसरते. कडेला उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी लावा.

उसवणी

इथे उरेब नको! उरेब पट्टी स्वतःच ताणते, सरळ उभ्या कडेला ती लावली तर पुढा लोंबतो. सरळ कडेला सरळ पट्टी, गोल गळ्याला उरेब.

यंत्रमाग

बरोबर, गळ्याचं डोक्यात होतं. पुढ्याला सरळच.

पानगळ

आणि भरतकाम कापण्याआधी की नंतर? मी नंतर करते, पण दोन्ही पुढे समोरासमोर ठेवून. फांदी एका बाजूने सुरू होऊन दुसऱ्या बाजूला संपते, तेव्हा बटणं लावल्यावर जुळायला हवी. कच्च्या दोऱ्याने पुढे एकत्र टाचूनच नक्षी उतरवा.

जाता जाता, काही स्वेटशर्टच्या गळ्याखाली तो छोटा त्रिकोण असतो ना, तो मुळात घाम टिपायला आणि गळा ताणला तरी फाटू नये म्हणून रिबच्या कापडाचा बसवत. हल्ली बऱ्याचदा नुसती शिलाई असते. स्वेटशर्टचा जन्मच खेळाडूंसाठी झाला. १९२६ साली अमेरिकेतल्या एका फुटबॉल खेळणाऱ्या तरुणाला लोकरीची जर्सी टोचायची, म्हणून त्याच्या वडिलांच्या कारखान्यात सुती केली गेली. तो त्रिकोण छोट्या फुलासाठी तयार चौकट आहे. खरा रिबचा असेल तर मात्र सोडा.

खडूपेटी

धुण्याचं कोणी सांगेल का? पांढऱ्यावर लाल भरतेय, छातीत धडधड.

दोरासुई

लाल, गडद निळा आणि काळा दोरा भरण्याआधी ओल्या पांढऱ्या कपड्यात दाबून बघ. रंग उमटला तर तो दोरा पांढऱ्यावर वापरायचाच नाही. तयार कपडा उलटा करून गार पाण्यात, सौम्य साबणाने, पिळायचा नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा आणि आडवा वाळत घालायचा. दोरीवर टांगला की ओल्या कापडाचं वजन नक्षीला खाली ओढतं. इस्त्री नेहमी उलट बाजूने, खाली जाड टॉवेल, म्हणजे टाके दबत नाहीत.

रंग सुटलाच तर वाळू देऊ नकोस. ओला असतानाच गार पाणी बदलत राहा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. वाळला की बसला.

भरदुपार

शेवटचं. आईच्या स्वेटशर्टला पुढे तो मोठा जोडखिसा आहे, दोन्हीकडून हात घालायचा. पुढा कापला की खिसा दुभागणार. त्यावर भरायचं कसं?

यंत्रमाग

खिसा आधी पूर्ण उसवून बाजूला काढा. तो सुटा असतानाच मधून कापून दोन खिसे करा, त्यांवर भरा, आतून आधार लावा, मग पुढा कापून झाल्यावर दोन्ही बाजूंना परत शिवा. बसवलेल्या खिशावर भरायला गेलात तर सुई मागच्या थरातूनही जाते आणि खिसा कायमचा बंद होतो. उसवण्याआधी चारही कोपऱ्यांच्या खुणा पुढ्यावर करून ठेवा, जुन्या टिपेची भोकं धुतल्यावर बुजतात.

भरदुपार

उसवायला बसतो. खिशावर काय भरू ते आईलाच विचारतो, तिचं मत वेगळंच असणार.